आजोबांचे पेन आणि नातवंडांची घाई

दिवाळीपूर्वी घराची झाडलोट सुरू झाली, की जुन्या पेढ्यांच्या घरांत एखाद्या कपाटाच्या तळाशी, जीर्ण खतावण्यांच्या आड एखादे पेन हमखास सापडते. टोपणावरचा सोनेरी मुलामा फिकटलेला, निबेवर शाई वाळून बसलेली, नळीवर बारीक अक्षरांत आजोबांचे किंवा पणजोबांचे नाव कोरलेले. परदेशी वस्तू दुर्मीळ असलेल्या काळात कुणा आप्ताने बाहेरून आणलेले किंवा मुंबईच्या बाजारातून हौसेने घेतलेले हे पेन एके काळी रोजमेळ लिहिण्याच्या कामी येत असे. पुढे बॉलपेन आले, संगणक आला आणि ते विस्मृतीत गेले. ते सापडल्याचा आनंद मोठा असतो. आणि नेमके त्या आनंदाच्या भरातच त्याचे सर्वांत मोठे नुकसान होते.

फाउंटन पेने बाळगणाऱ्यांच्या आणि जमवणाऱ्यांच्या पश्चात्तापाच्या कथा निरनिराळ्या असल्या, तरी त्यांचा सारांश बहुधा एकच निघतो. कित्येक वर्षांच्या अडगळीने पेनाचे जेवढे बिघडत नाही, तेवढे एका दुपारच्या उत्साही साफसफाईने बिघडते. हिशेबाच्या वहीशी परिचय असणाऱ्यांना यातले मर्म लगेच उमगेल. खतावणीत चुकीची रक्कम पडली, तर उलट नोंद करून ती दुरुस्त करता येते. पानच फाडून टाकले, तर दुरुस्त करायला काही उरत नाही. पेनाच्या बाबतीतल्या चुकाही अशाच दोन प्रकारच्या असतात. त्यांतील भेद आधी ओळखणे, हीच जुने पेन जपण्याची पहिली पायरी होय.

वाळलेली शाई

सापडलेले पेन लिहीत नाही, म्हणून ते कायमचे बिघडले असे मानणे ही पहिली चूक. अमेरिकेत ल्युईस वॉटरमन याने १८८४ साली आपल्या पेनाचे पेटंट घेतले. तेव्हापासून फाउंटन पेनाचे मूळ तत्त्व फारसे बदललेले नाही. निबेखाली जी जिभेसारखी पट्टी असते, तिच्यावर केसासारख्या बारीक खाचा असतात. त्यांतून शाई खाली उतरते आणि तिच्या जागी हवा वर जाते. या वाटेत शाई वाळून बसली, की देवघेव थांबते आणि पेन मुके होते.

हा दोष मात्र उलटवता येण्याजोगा आहे. पेनाची साधी शाई म्हणजे पाण्यात विरघळवलेला रंग; तो वाळला तरी पाण्यानेच पुन्हा सुटतो. निबेचे टोक थंड पाण्यात टेकवून ठेवणे, पाणी रंगले की बदलणे आणि दोन-तीन दिवस हा क्रम चालू ठेवणे, एवढ्याने बहुतेक पेने मोकळी होतात. पण दोन दिवस थांबण्याचा धीर नसतो. मग कोणी उकळते पाणी वापरतो, कोणी पकडीने नळी पिळतो आणि जुनी नळी उभी चिरते. काही पेनांच्या आत शाई साठवणारी रबरी पिशवी असते आणि बाहेरची छोटी तरफ उचलून ती भरायची असते. अनेक वर्षांनंतर ही पिशवी पापडासारखी कडक झालेली असते. तिची अवस्था न पाहता तरफ जोराने उचलली, तर पिशवी तुटतेच आणि पुष्कळदा तरफही निखळते.

शाईच्या बाबतीत एक अपवाद ध्यानात ठेवण्याजोगा आहे. चित्रकारांची जलरोधक काळी शाई ही पेनाची शाई नव्हे. तिच्यात लाखेसारखे चिकट द्रव्य मिसळलेले असते. ते वाळल्यावर पाण्याला दाद देत नाही. ‘काळी शाई ती काळी शाई’ असे समजून ती भरली गेली, की त्या बारीक खाचा कायमच्या बुजतात.

काळे पेन आणि पाणी

पाणी हा वाळलेल्या शाईवरचा उतारा असला, तरी सर्वच पेनांना ते मानवत नाही. १८५१ साली नेल्सन गुडइयर याने कठीण रबराचे पेटंट घेतले. हेच ते एबोनाइट. रबरात भरपूर गंधक मिसळून ते तापवले, की शिसवी लाकडासारखा काळाभोर, टणक पदार्थ तयार होतो. विसाव्या शतकाच्या प्रारंभी बहुतेक पेने याचीच असत आणि भारतात ती आजही बनतात. मात्र जुन्या एबोनाइटवर वर्षानुवर्षे उजेड पडला, की त्याच्या पृष्ठभागावरील गंधकात बदल होतो. दिसायला पेन काळे असते, पण संपूर्ण पेन रात्रभर पाण्यात बुडवून ठेवले, तर सकाळी ते मातकट तपकिरी होऊन बाहेर येते. जमवणाऱ्यांच्या पश्चात्तापांत ही घटना फार वरच्या क्रमांकावर आहे. तो रंग आपोआप परतत नाही. घासून काळेपण आणायचे, तर वरचा थर आणि त्यावरची नक्षी व अक्षरे दोन्ही जातात.

१९२०च्या दशकात रंगीबेरंगी सेल्युलॉइड आले. त्याचा शत्रू वेगळा. ते कापसाच्या तंतूंवर रासायनिक प्रक्रिया करून आणि कापूर मिसळून बनवतात. अल्कोहोलने त्याची चकाकी जाते, नखरंग पुसण्याच्या द्रवाने ते विरघळते आणि ज्वालेजवळ नेले तर पेटते. हात निर्जंतुक करण्याचा द्रव घरोघरी आल्यापासून त्याने जुनी पेने पुसण्याचा मोह वाढला आहे. तो आवरलेला बरा. दुधातील प्रथिनापासून केलेल्या केसीनची पेने तर पाण्यात ठेवली की फुगतात. म्हणून पेन कशाचे आहे हे कळत नसेल, तोवर किंचित ओलसर, मऊ कापडाच्या पलीकडे जाऊ नये आणि पाणी केवळ निबेच्या टोकापुरते ठेवावे.

निब आणि सोने

निबेच्या टोकाला एक अगदी लहान, चमकदार ठिपका असतो. तो सोन्याचा नसून अतिशय कठीण मिश्रधातूचा असतो. मऊ सोने कागदावर झिजू नये म्हणून तो जोडलेला असतो. निब कागदावर खरखरते म्हणून पॉलिश पेपरवर घासली, तर हा ठिपका काही मिनिटांत उडून जातो. तो पुन्हा बसवणारे कारागीर जगात मोजकेच आहेत. शिवाय जी निब नातवाला खरखरीत वाटते, ती आजोबांच्या हाताला गुळगुळीत असण्याचा संभव असतो. पेन धरण्याचा त्यांचा कोन निराळा होता आणि वर्षानुवर्षांच्या लिखाणाने ती त्या कोनाला घासली गेली होती. पेन बोटांत थोडे फिरवून पाहिले, तर पुष्कळदा ती गोडीने लिहू लागते. त्या झिजेत एका माणसाचे अक्षर साठवलेले असते. ते घासून पुसायचे की त्याच्याशी जुळवून घ्यायचे, याचा विचार हातात पॉलिश पेपर घेण्यापूर्वी व्हायला हवा.

याहून खेदजनक प्रकार सोन्याच्या भावाने घडतो. भाव चढला, की निब काढून ती वितळवण्यासाठी दिली जाते. साधारण आकाराच्या निबेत एक ग्रॅमही सोने नसते. तेही बहुधा १४ कॅरेटचे, म्हणजे शंभर भागांत साडेअठ्ठावन्न भाग शुद्ध. हातात येणारी रक्कम किरकोळ आणि मागे उरणारे पेन निरुपयोगी. त्या पेनाला योग्य निब पुन्हा मिळवायची, तर खर्च त्या सोन्याच्या किमतीहून कितीतरी अधिक होतो. व्यापाराच्या साध्या हिशेबानेही हा तोट्याचाच सौदा ठरतो.

चकाकीची किंमत

पितळेवर सोन्याचा पातळ थर दिलेली टोपणे आणि पट्ट्या भांड्यांच्या पॉलिशने घासल्या, की पहिल्या दिवशी लखलखतात. पुढे खालचे पितळ दिसू लागते. नळीवर कंपनीचे नाव फार उथळ उमटवलेले असते. दोन-चार वेळच्या पॉलिशमध्ये तेही जाते. मालकाचे कोरलेले नाव तर पूर्वी कित्येक संग्राहक दोष समजून मुद्दाम घासून काढीत. आज अशा सपाट झालेल्या पेनांकडे पाहून त्यांनाच हळहळ वाटते. बाजारात तसलीच शेकडो पेने मिळतील. परंतु अमुक माणसाचे नाव असलेले पेन एकच होते.

जुन्या पेनकारांनी मात्र उलटवता येण्याची काळजी आधीच घेतली होती. रबरी पिशवी बसवण्यासाठी आणि कित्येक पेनांचे जोड बंद करण्यासाठी ते लाखेचा गोंद वापरीत. लाख कोमट उष्णतेने सैल होते, त्यामुळे पन्नास वर्षांनी कारागीर पेन सुखरूप उघडू शकतो. लाख कीटकजन्य असल्याने ज्यांना ती वर्ज्य वाटते, त्यांच्यासाठी काही जोडांना राळेचे, तसेच उष्णतेने सुटणारे मिश्रणही चालते. त्याऐवजी क्षणात चिकटणारा आधुनिक गोंद वापरला, तर पेन एकदा बंद होते ते कायमचेच. आजची दुरुस्ती उद्याच्या दुरुस्तीची वाट अडवते.

अशी घाई मोठ्या कंपन्यांकडूनही झाली आहे. पार्करने १९४१ साली अमेरिकेच्या बाजारात ‘५१’ हे प्रख्यात पेन आणले. सोबत कागदावर झटपट वाळणारी शाईही आणली. ती इतकी तीव्र क्षारधर्मी होती, की केवळ याच पेनात वापरावी असा इशारा बाटलीवर द्यावा लागला. १९४७ मध्ये तिच्या जागी ‘सुपरक्रोम’ शाई आली. तीही पेनाच्या अंतर्भागांना खाणारी ठरली आणि पुढच्या दशकात बाजारातून गेली. लिहिलेले अक्षर वाळायला लागणारे काही क्षण वाचवण्याच्या नादात पेनाचे आयुष्य पणाला लागले. आजही जुन्या ठेवणीतली अशी एखादी बाटली हाती आली, तर ती शोभेला ठेवावी. पेनात भरू नये.

न लिहिलेली नोंद

जमवणाऱ्यांच्या चुका याहून वेगळ्या असतात. एका पेनाचे टोपण, दुसऱ्याची निब आणि तिसऱ्याची नळी जुळवून केलेला माल अस्सल म्हणून घेतला जातो. निबेच्या टोकावरचा ठिपका भिंगाखाली न पाहताच पैसे मोजले जातात. सोनेरी दिसणारी निब सोन्याचीच आहे असे गृहीत धरले जाते. ती मुलामा दिलेली पोलादी असते. सेल्युलॉइडची पेने हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात ठेवली जातात आणि त्यांतून निघणाऱ्या वायूने शेजारच्या पेनांच्या धातूवर गंज चढतो. रबरी पिशवीतील गंधकाने फिकट रंगाची नळी काळवंडते.

परंतु या सर्वांहून मोठी चूक अगदी साधी आहे. पेन कोणाचे, कधी घेतले, कशासाठी वापरले, याची नोंद कोणी करून ठेवीत नाही. जिथे पै-पैचा हिशेब पिढ्यान्पिढ्या लिहिला गेला, त्याच घरात ज्या पेनाने तो लिहिला त्याबद्दल एक ओळ सापडत नाही. आंध्रातील राजमहेंद्री येथील रत्नम यांच्या पेनाची कथा आज सांगता येते, ती कागद जपला म्हणून. स्वदेशी पेन तयार करण्याच्या त्यांच्या प्रयत्नांना दाद देणारे पत्र महात्मा गांधींनी १९३५ साली वर्ध्याहून पाठवले होते. ते पत्र त्या कुटुंबाने सांभाळले. ते नसते, तर ते पेन म्हणजे एबोनाइटचा एक सुबक तुकडा एवढेच राहिले असते.

ही चूक मात्र अजून सुधारता येण्याजोगी आहे, तीही घरातली वडीलधारी मंडळी सांगायला आहेत तोवरच. पेन सापडले, तर ते धुण्यापूर्वी आजीला किंवा काकांना दाखवावे. आठवेल ते एका चिठ्ठीवर लिहून, तारीख घालून ती पेनासोबत ठेवावी. आहे त्या स्थितीत त्याचे छायाचित्र काढावे. निबेला थंड पाणी आणि दोन-तीन दिवस द्यावेत. तेवढ्याने भागले नाही, तर जाणकार कारागिराकडे न्यावे. तोवर कोरड्या, हवेशीर, उन्हापासून दूर अशा जागी राहू द्यावे. इतकी वर्षे थांबलेले पेन आणखी एक महिना सहज थांबते. एकदा ते लिहू लागले, की महिन्यातून काही ओळी तरी त्याने लिहाव्यात. शाई वाहती राहण्याचा याहून चांगला उपाय नाही. आणि पहिल्या काही ओळींत त्याच्या मूळ मालकाचे नाव व गाव लिहिले, तर न झालेली नोंदही त्याच पेनाने पूर्ण होईल.