खजुरीची झाडे आणि दोन दाखले

प्रारंभीच्या इस्लाममधील युद्धनीतीचा विषय निघाला की पहिले खलिफा अबू बक्र यांच्या दहा सूचना हटकून सांगितल्या जातात. मीही त्या व्याख्यानांतून अनेकदा सांगितल्या आहेत. त्यांच्या कारकिर्दीत (इ. स. 632–634) सीरियावर सैन्ये निघाली. सेनापती यझीद बिन अबू सुफ्यान (करबलाचा यझीद नव्हे, त्याचा चुलता) स्वार होता आणि त्याला निरोप द्यायला खलिफा पायी चालत होते. संकोचून तो म्हणाला, तुम्ही स्वार व्हा, नाहीतर मी उतरतो. खलिफांनी दोन्ही नाकारले आणि बजावले : बायका, मुले, म्हातारे यांना मारू नका, फळझाडे तोडू नका, वस्ती उजाड करू नका, खाण्यापुरती सोडून मेंढरे-उंट कापू नका. देवाला वाहून घेतलेल्या संन्याशांनाही हात लावायचा नव्हता. इमाम मालिक यांच्या ‘मुवत्ता’त हा प्रसंग आहे.

एका व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारले, “मग बनू नझीरच्या खजुरींचे काय?” मला नीट उत्तर देता आले नाही.

बनू नझीर ही मदिनेतील ज्यू टोळी. 625 साली प्रेषित मुहंमदांनी तिला वेढा घातला आणि तिच्या खजुरीची काही झाडे तोडली, जाळली. खजुरीला फळ धरायला वर्षे लागतात; ती तोडणे म्हणजे पुढच्या कित्येक हंगामांचे अन्न तोडणे. तटाआडून टोळीवाल्यांनी विचारले, नासधूस करू नका असे तुम्हीच सांगत होता ना? मुसलमानांतही चलबिचल झाली असावी. कारण कुराणाच्या ‘हश्र’ या अध्यायात याचा खुलासा येतो : झाडे तोडली ती आणि राखली तीही देवाच्या अनुज्ञेनेच.

म्हणजे दाखले दोन, आणि एकमेकांविरुद्ध. आठव्या शतकातील धर्मशास्त्री यावर हिरिरीने भांडले. सीरियातील अवझाई (मृत्यू 774) अबू बक्रांचा आदेश प्रमाण मानून वृक्षतोड निषिद्ध ठरवतात. इराकातील अबू यूसुफ यांनी त्यांच्या खंडनार्थ ग्रंथच लिहिला. त्यांचा आधार ‘हश्र’चा. पुढे शाफिई (मृत्यू 820) यांनी तोड काढली : सीरिया आपल्याच हाती येणार हे अबू बक्रांना ठाऊक होते, म्हणून त्यांनी झाडे राखायला सांगितली. उद्याची आपलीच मालमत्ता कोण जाळील? युक्तिवाद चतुर आहे, पण दयेचा आदेश त्यात हिशेबाचा होऊन जातो. मला अवझाई अधिक पटतात.

अर्थात याच शास्त्र्यांना युद्धात धरलेल्या बायकामुलांना गुलाम करणे गैर वाटत नव्हते. मारू नये, एवढ्यावर मात्र सामान्यतः एकमत होते. तिथेही इमाम शैबानी (मृत्यू 805) तटबंद शहरावर गोफणयंत्राने दगड टाकायला मुभा देतात. आत मुले असली तरी नेम लढणाऱ्यांवर धरलेला असावा, इतकीच अट.

त्या दहा सूचनांत आणखी एक आहे. ‘नह्ल’ जाळू नका, म्हणजे मधमाश्या. काही जण तिथे ‘नख्ल’ वाचतात, म्हणजे खजुरी. अरबी लिपीत या दोन शब्दांत फरक फक्त एका टिंबाचा, आणि जुन्या लेखनात टिंबे पुष्कळदा देतच नसत.