तंबोऱ्याची पाचवी तार

ज्या घरात गाण्याची आवड दोन-तीन पिढ्यांपासून चालत आलेली असते, तेथे तंबोरा ही नुसती वस्तू राहत नाही. ती त्या घराची ठेव होते. आजोबांनी विकत घेतलेला, वडिलांनी जपलेला आणि आता सुनेच्या किंवा नातीच्या हाती आलेला तंबोरा गवसणी घालून कोपऱ्यात उभा असतो. नव्या पिढीचे शिक्षण सुरू झाले, रागांचा विस्तार वाढला, की केव्हातरी प्रश्न निघतो: आपल्या चार तारांच्या तंबोऱ्याला पाचवी तार बसवून घ्यावी काय? एक खुंटी, एक तार, आणि दोन छिद्रे. वरवर पाहता काम एवढेच. परंतु एकदा दांडीला पाडलेले छिद्र पुन्हा बुजत नाही. म्हणून हात घालण्यापूर्वी ह्या प्रश्नाचा नीट विचार करणे अगत्याचे आहे.

गाणाऱ्याला आधाराचा अखंड नाद हवा असतो, ही गोष्ट केवळ दरबारी संगीतापुरती खरी नाही. 2014 सालापासून पालघर जिल्ह्यात मोडणाऱ्या डहाणू आणि तलासरी ह्या तालुक्यांत वारली समाजाची वाद्ये पाहावीत. वाळविलेला भोपळा, त्यात बसविलेल्या बांबूच्या नळ्या आणि पुढे ताडाच्या पानांचा कर्णा, असा तारपा तेथे सुगीच्या दिवसांत रात्र रात्र घुमतो. घांगळी हे तंतुवाद्यही भोपळ्याचेच. तिच्या साथीवर भगत देवतांच्या कथा गातो. साधने अल्प, परंतु कंठाला आधार पुरेसा. नाद वाढविण्याचे जे काम तेथे भोपळा करतो, तेच काम आपल्या तंबोऱ्यातही भोपळाच करतो.

महाराष्ट्रातील तंबोऱ्यांचे माहेर म्हणजे मिरज. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हत्यारे घडविणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी तेथे तंतुवाद्ये करण्यास आरंभ केला आणि त्यांच्या वंशजांनी ही कला आजतागायत चालविली आहे. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. दांडी व तबली बहुधा तुणीच्या लाकडाची असते. 2024 साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. ह्या कारागिरांकडे चार तारांचे तंबोरे होतात, तसेच पाच व सहा तारांचेही होतात. मात्र पाच तारांचा तंबोरा मुळातच तसा घडविणे आणि चार तारांचा नंतर पाच तारांचा करणे, ह्या दोन अगदी भिन्न गोष्टी होत.

प्रथम पाचव्या तारेने नादात काय भर पडते ते पाहू. चार तारांच्या तंबोऱ्यात मंद्र पंचम, मध्य षड्जाची जोडी आणि खर्ज असा क्रम असतो. पाचवी तार बहुधा पंचमानंतर येते आणि ती मंद्र निषादात मिळवितात. हिशेबाच्या सोयीसाठी खर्जाची सेकंदाला 72 कंपने धरली, तर जोड 144, पंचम 108 आणि शुद्ध निषाद 135 कंपनांचा येईल.

परंतु तंबोऱ्याची तार एकच स्वर बोलत नाही. घोडीच्या किंचित गोलाईमुळे आणि तीवर तारेखाली सरकविलेल्या सुतामुळे मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांचे स्वरही ठळकपणे उमटतात. घोडीच्या ह्या करामतीकडे चंद्रशेखर व्यंकट रामन ह्यांनी 1921 साली शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले होते. खर्जाच्या 72 ची पाचपट 360. तोच तंबोऱ्यातला स्वयंभू गांधार. पंचमाच्या 108 ची तिप्पट 324, म्हणजे तार सप्तकातील ऋषभ. आता निषादाच्या 135 ची तिप्पट करा. 405 हा आकडा येतो, आणि तो आहे तार सप्तकातील तीव्र मध्यम. शुद्ध मध्यम 384 वर असतो.

म्हणजे पाचवी तार एकटी येत नाही. तिच्यासोबत तीव्र मध्यमाची सूक्ष्म छाया येते. यमन गाताना ही छाया अमृतासारखी वाटते, कारण निषाद आणि तीव्र मध्यम हे दोन्ही त्या रागाचे आप्तच. परंतु ज्या रागात शुद्ध मध्यम मुख्य आहे, तेथे तीच छाया कानाला बोचते. शिवाय निषाद व षड्ज ह्यांत 9 कंपनांचे अंतर असल्यामुळे दोघे एकदम निनादले, की नादाला सतत हेलकावे बसतात. पाचवी तार हवी की नको, हे घरात कोणते राग अधिक गाइले जातात त्यावर ठरते. नुसत्या हौसेवर नव्हे.

आता वाद्याच्या प्रकृतीचा विचार. सर्व तारा साधारण सारख्याच ताणाच्या धरल्या, तर चाराच्या पाच होताच दांडीवरील ओढ आणि तबलीवरील दाब सुमारे चतुर्थांशाने वाढतो. जुन्या तंबोऱ्यात दांडी व भोपळा ह्यांचा सांधा सरसाने जोडलेला असतो. डहाणूसारख्या समुद्रकाठच्या गावी पावसाळ्यात हा सांधा ओलाव्याने हळवा होतो, खुंट्या फुगून अडकतात आणि पोलादी तारांना गंज चढतो. अशा वाद्यावर नवे ओझे लादले, तर आधी तबली खचते, मग सांधा उकलतो.

कामही एका छिद्राने संपत नाही. नव्या खुंटीचे छिद्र तिच्याप्रमाणेच निमुळते हवे. तारा ज्या पट्टीवर टेकतात त्या अटीच्या खाचा नव्याने आखाव्या लागतात. तारगहनाला आणखी एक छिद्र लागते. जुनी घोडी अरुंद असल्यास ती बदलून पाचही तारांची जवारी नव्याने लावावी लागते.

हीच अडचण परदेशातही आली. 1951 साली अमेरिकेत लिओ फेंडर ह्यांनी आणलेल्या बास गिटारला चार तारा होत्या. 1965 साली त्यांच्याच कारखान्याने पाच तारांची बास काढली. तिची पाचवी तार वरच्या स्वराची होती. पुढे रूढ झाली ती मात्र खालच्या स्वराची, सेकंदाला सुमारे 31 कंपनांची जाड तार. ती चार तारांच्या बासवर चढवू पाहणारास अटीच्या खाचा रुंद कराव्या लागतात आणि मानेची रुंदी अपुरी पडते. तात्पर्य, पाचवी तार सामावण्याइतकी जागा वाद्याच्या अंगातच असावी लागते.

मग गृहस्थाने काय करावे? आमचा अभिप्राय असा, की पिढीजात तंबोऱ्याला छिद्र पाडू नये. जेथे पंचम वर्ज्य आहे तेथे पहिली तार रागानुसार मध्यमात किंवा निषादात मिळवावी. त्यासाठी नवी खुंटी लागत नाही. पंचम आणि निषाद दोन्ही हवे असतील, तर मैफलीतील जुनी रीत घरातही पाळता येते. दोन तंबोरे घ्यावेत, एकात पंचम ठेवावा, दुसऱ्यात निषाद. एकत्र कुटुंबात दुसरा तंबोरा धरण्यास एखादे मूल सहज मिळते आणि त्या निमित्ताने त्याचा कान तयार होतो. ऐपत असल्यास पाच तारांचा नवा तंबोरा कारागिराकडून मुळातच तसा करवून घ्यावा. इतके करूनही जुन्याच वाद्यात बदल करण्याचा निश्चय असेल, तर पावसाळा संपून हवा कोरडी झाल्यावर, जाणत्या कारागिराने सांधा व तबली तपासल्यावाचून खुंटीला हात लावू देऊ नये.