पाय उचलला तरी धांवणारें एंजिन

आजचा विषय डोळ्यांपेक्षां कानाचा अधिक आहे, आणि म्हणूनच तो नभोवाणीवरून बोलावयास मला सोयीचा वाटला. मोटार सिग्नलपाशीं उभी आहे, गिअर काढलेला आहे, चालकाचा पाय अॅक्सिलरेटरवरून उचललेला आहे. अशा वेळीं एंजिनानें हलकेंच गुणगुणत राहावें अशी आपली अपेक्षा असते. ह्यालाच आयडलिंग म्हणतात. पेट्रोलवर चालणाऱ्या बहुतेक घरगुती गाड्यांचें एंजिन तापल्यानंतर ह्या स्थितींत मिनिटास सुमारें ७०० ते ९०० फेरे घेतें. गुणगुणणें सोडून तें १,५०० किंवा २,००० फेऱ्यांवर घोंगावूं लागलें, कीं गॅरेजच्या भाषेंत 'रेस वाढली' असें म्हणतात.

पुष्कळ गृहस्थ ह्याकडे काणाडोळा करतात. गाडी बंद पडत नाहीं, उलट अंमळ जोमदारच वाटते. मग तक्रार कसली? पेट्रोल व्यर्थ जळतें हा तोटा तर उघडच आहे. पण खरा धोका बोरघाट किंवा खंबाटकी उतरतांना कळतो. गिअर घालून पाय उचलला असतां एंजिनानें गाडीला मागें ओढून धरावयाचें असतें. वाढल्या रेसचें एंजिन तें काम अर्धेंमुर्धेंच करतें, सगळा भार ब्रेकवर पडतो, आणि फार तापलेल्या ब्रेकची पकड सैल होते.

प्रथम दोष कशाला म्हणूं नये तें सांगतों. सकाळीं थंड एंजिन सुरू होतांच तें १,२०० ते १,५०० फेऱ्यांवर जातें, आणि तापत जाईल तसतसें खालीं येतें. ही योजना मुद्दाम केलेली असते, कारण थंड धातूवर पेट्रोलची नीट वाफ होत नाहीं. महाबळेश्वरीं पौषांतल्या पहाटे हें उतरणें मुंबईपेक्षां अधिक वेळ घेईल. तसेंच वातानुकूलनाचें यंत्र लावलें कीं त्याचा भार पेलण्यासाठीं फेरे थोडे वाढतात. तेव्हां दहा-पंधरा मिनिटें गाडी फिरवून, तें यंत्र व दिवे बंद करून, मग कांटा पाहावा. तरीहि तो चढलेलाच असेल तर मात्र शोध करावयास हवा.

चालक पायानें पेट्रोल सोडतो असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः तो एक झडप उघडतो आणि तिच्यांतून हवा आंत जाते. ह्या झडपेला थ्रॉटल म्हणतात. हवा किती आली हें पाहून तिच्या मानानें पेट्रोल मिसळलें जातें. वजनानें सुमारें १४.७ भाग हवेस एक भाग पेट्रोल असें तें प्रमाण आहे. (डिझेलची गोष्ट निराळी. तेथें तेलच मोजून सोडतात, म्हणून आजचें विवेचन डिझेलला लागू नाहीं.) पाय उचलला कीं झडप जवळजवळ मिटते, आणि एंजिन त्या मिटलेल्या दारापलीकडची हवा ओढूं पाहतें. त्यामुळें आंतल्या बाजूस मोठी पोकळी निर्माण होते. समुद्रसपाटीवर निरोगी एंजिनांत तेथील दाब बाहेरच्या हवेपेक्षां पाऱ्याच्या ४५० ते ५५० मिलिमीटरांनीं कमी भरतो. एवढ्या ओढीपुढें बारीकशी भेगहि पुरते.

हार्मोनिअम वाजविणाऱ्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. पट्टीखालची झडप नीट बसली नाहीं तर बोट न लावतांहि तो सूर बोलत राहतो. भाता बिघडलेला नसतो, सूरहि बिघडलेला नसतो. वारा नको तेथून जात असतो. वाढलेली रेस हा असाच न मागितलेला सूर आहे. शोध घ्यावयाचा तो एवढाच कीं, चालकानें न मागितलेली हवा कोठून येत आहे.

येथें एका सवयीविषयीं स्पष्ट बोललें पाहिजे. तक्रार ऐकतांच झडपेजवळचा लहानसा स्क्रू फिरवून फेरे उतरवून देणारे मिस्त्री आजहि भेटतात. ह्या सवयीला इतिहास आहे. कुर्ल्याच्या कारखान्यांत बनलेली आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून २०२३ सालापर्यंत रस्त्यावर दिसलेली प्रीमिअर पद्मिनी कार्ब्युरेटरवर चाले, व कार्ब्युरेटरांत आयडलिंगचा स्क्रू हातानें लावण्यासाठींच दिलेला असे. २००० सालच्या सुमारास धुराविषयींचे नियम कडक झाले, नव्या मोटारींतून कार्ब्युरेटर गेला, आणि संगणकाच्या आज्ञेनें पेट्रोल फवारण्याची योजना आली. ह्या गाड्यांत झडप कोठवर मिटावी हें कारखान्यांतच ठरवून दिलेलें असतें. तेथला स्क्रू फिरवणें म्हणजे ताप उतरावा म्हणून थर्मामीटरची काडी खरवडणें होय.

आतां हवेच्या वाटा पाहूं. पहिली वाट खुद्द झडपेची. पायाखालची जाड चटई सरकून पेडलवर चढली आहे काय, हें आधीं पाहावें. हंसूं येईल, पण फुकट बरा होणारा रोग हा एवढाच. केबलनें चालणाऱ्या गाड्यांत केबल किंचित् सैल असावी लागते. ती ताणली गेली किंवा गंजून अडकूं लागली, अथवा झडपेच्या कडेला तेलकट काजळी धरली, तर झडप पुरती मिटत नाहीं. ह्या झडपेला वळसा घालून जाणारी एक अरुंद वाटहि पुष्कळ गाड्यांत असते, आणि संगणक तींतील छोट्या व्हाल्वनें आयडलिंग सांभाळतो. तो व्हाल्व काजळीनें उघडाच अडकला कीं संगणकाची आज्ञा वायां जाते. अलीकडच्या गाड्यांत मुख्य झडपच विजेच्या मोटरीनें हलते. तिला बोटानें ढकलून पाहण्याचा मोह आवरावा. आंतलीं दातेरी चाकें नाजूक असतात, आणि किल्ली चालू असेल तर बोटहि चिमटून निघेल.

दुसरी वाट ही चोरवाट. झडपेच्या पलीकडे, म्हणजे पोकळीच्या बाजूस, रबरी नळ्या जोडलेल्या असतात. बॉनेटखालच्या उष्णतेनें रबर कडक होऊन तडकतें, आणि भेगेंतून हवा शिरूं लागते. कान दिला तर बारीक फुसफुस ऐकूं येते. एंजिन चालू ठेवून एकेक नळी पकडीनें हलकेंच चिमटावी. ज्या नळीला चिमटतांच फेरे उतरतात, तिच्यावर किंवा तिच्या पलीकडे दोष आहे असें समजावें. हें करतांना पदर, ओढणी, सैल बाह्या पंख्यापासून व पट्ट्यापासून दूर असाव्यात. नळी न सांपडली तर चांगल्या गॅरेजांत आंत धूर सोडून तो कोठून बाहेर पडतो हें पाहतात. माझ्या मतें ही सर्वांत प्रामाणिक परीक्षा आहे. तापलेल्या एंजिनावर ज्वालाग्राही द्रव फवारून भेग शोधण्याचीहि एक रीत आहे, पण ती घरीं कोणीं करूं नये.

ह्या नळ्यांपैकीं एक जाड नळी ब्रेककडे जाते, आणि तिच्याचसाठीं मी आज एवढें बोलत आहें. आपण ब्रेक दाबतों तेव्हां पायाच्या जोराला एका पत्र्याच्या डब्यांतील पडदा साह्य करतो, व तो पडदा एंजिनाच्या ह्याच पोकळीवर चालतो. पडदा फाटला किंवा नळी तडकली तर हवा एंजिनांत शिरून रेस वाढते, आणि ब्रेक जड होत जातो. स्क्रू फिरवून रेस उतरविली कीं गृहस्थ निर्धास्त होतो, आणि फाटका पडदा तसाच घाटांत जातो! परीक्षा अगदीं सोपी आहे. एंजिन बंद ठेवून ब्रेक चार-पांच वेळां दाबावा. पेडल कठीण होईल. मग पाय तसाच दाबून धरून एंजिन सुरू करावें. पेडल पायाखालीं किंचित् खचलें पाहिजे. खचलें नाहीं, अथवा ब्रेक दाबतांना पायापाशीं फुसफुस ऐकूं येऊन एंजिनाचे फेरे बदलले, तर गाडी प्रवासाला काढूं नये.

तिसऱ्या प्रकारांत हवा चोरून येत नाहीं. संगणकच फसून ती आंत घेतो. एंजिनाच्या पाण्याची उष्णता सांगणारा एक लहान सेन्सर असतो. तो बिघडून 'एंजिन थंड आहे' असें सांगत राहिला, तर संगणक बिचारा भर दुपारीं पहाटेची रेस चालू ठेवतो. दोष वाचण्याचें छोटें यंत्र आतां बाजारांत मिळतें. तें चालकाच्या पायांजवळच्या जोडणीस लावावें. सकाळीं एंजिन सुरू करण्यापूर्वीं त्यावर दिसणारी पाण्याची उष्णता बाहेरच्या हवेएवढीच असली पाहिजे. पुण्याच्या सकाळीं तें शून्याखालीं ४० अंश दाखवूं लागलें, तर बहुधा सेन्सरची तार तुटली आहे असें समजावें. ह्याच यंत्रावर 'पी ०५०७' अशी अक्षरें कधीं उमटतात. त्यांचा अर्थ फेरे अपेक्षेहून अधिक आहेत एवढाच, आणि तें तर आपल्या कानांनीं आधींच सांगितलें आहे. केवळ तेवढ्यावरून महागडा व्हाल्व बदलूं देऊं नये.

काल सर्व्हिसिंग झालें आणि आज रेस वाढली, अशी तक्रारहि वारंवार ऐकूं येते. तींत मिस्त्र्याचा अपराध असेलच असें नाहीं. झडपेवर काजळी सांचत गेली तशी संगणकानें झडप थोडी अधिक उघडी ठेवण्याची संवय लावून घेतलेली असते. काजळी धुतली गेल्यावर ती संवय जास्त ठरते. अशा वेळीं संगणकाला झडपेची नवी जागा शिकवावी लागते. त्याची रीत प्रत्येक गाडीची वेगळी असून ती त्या त्या बनावटीच्या पुस्तकांत दिलेली असते.

एक सूचना राहिली. झडप अडकून चालती गाडी आपोआप वेग घेऊं लागली, तर क्लच दाबून गिअर काढावा. स्वयंचलित गिअरच्या गाडींत दांडा न्यूट्रलवर आणावा. एंजिन ओरडेल, तें ओरडूं द्यावें. ब्रेक एकदांच, घट्ट, न सोडतां दाबावा; पुनःपुन्हां दाबल्यास डब्यांत सांठलेली पोकळी संपून ब्रेक जड होतो. चालत्या गाडींत किल्ली ओढून काढूं नये, नाहीं तर स्टिअरिंगला कुलूप बसण्याचा संभव असतो. गाडी कडेला पूर्ण थांबल्यावर मग एंजिन बंद करावें.