वृक्षांची नावे आणि कुळे

अलथाणजवळच्या कांकरा खाडीकाठी झालेल्या वृक्षफेरीत अनेकांनी मला एकच प्रश्न केला : देशी झाड कोणते आणि परदेशी कोणते? मी वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हे, शब्दांचा अभ्यासक. म्हणून नावांच्या वाटेनेच जातो. मात्र ही वाट फसवी आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

आपला पळस सुरतेत 'खाखरो' होतो, कडुनिंब 'लीमडो'. दोन्ही झाडे अस्सल इथली. चिंचेपाशी मात्र गणित चुकते. अरबांनी तिला 'हिंदचा खजूर' म्हटले, त्यावरूनच 'टॅमरिंड' हा शब्द आला. पण तिचे मूळ आफ्रिकेत. विलायती चिंचही विलायतेची नव्हे, मेक्सिकोकडची. गुजरातीत ती 'गोरस आमली'. गुलमोहरातला 'गुल' फारसी, झाड मादागास्करचे.

मग परके ते सारे त्याज्य मानायचे काय? चिंचेला कोण हाकलील? (आमटीचे काय होईल!) निकष जन्मस्थानाचा नसून वर्तनाचा असावा, असे माझे मत आहे. अमेरिका खंडातून आलेली वेडी बाभूळ कच्छच्या बन्नीत १९६१ च्या सुमारास खारेपण रोखण्यासाठी लावली गेली आणि गवताळ रान गिळत पसरली. गुजराती माणूस तिला 'गांडो बावळ' म्हणतो. तो 'वेडा' अनुभवातून आलेला आहे. कोनोकार्पस झटपट हिरवा दिसतो म्हणून रस्तोरस्ती लागला. परागकणांमुळे होणारा श्वसनाचा त्रास आणि मुळांमुळे भूमिगत वाहिन्यांचे होणारे नुकसान, ही कारणे देत गुजरातच्या वनविभागाने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीस मनाई केली.