खुशालीचा अभ्यास

'फेलोशिप' हा शब्द आता आपल्या घराघरांत आला आहे. शेजारची मुलगी पीएच.डी. झाली, तिला फेलोशिप मिळाली, असं कळतं, आपण पेढा खातो. ती आता नेमकं काय करणार, हे विचारायचं मात्र राहून जातं. हल्ली तरुण संशोधकांना ज्या विषयांसाठी अभ्यासवृत्ती मिळतात, त्यांतला एक आहे 'मानवी सुरक्षा आणि एकाधिकारशाही'. नाव जड आहे, पण या विषयाचा आपल्या मुंबईच्या उपनगरांशी अगदी जवळचा संबंध आहे.

आधी अभ्यासवृत्तीविषयी. एक-दोन वर्षं पुरेल इतकं मानधन, बसायला जागा, ग्रंथालयाची सोय आणि तास घेण्यातून सुटका, एवढं संस्था देते. बदल्यात संशोधकानं एकच प्रश्न धसाला लावायचा. ती तरुणांना देतात, कारण त्या वयात पायपीट करायची ताकद असते, पण खिसा रिकामा असतो.

आता 'मानवी सुरक्षा'. सुरक्षा म्हटलं की आपल्याला सीमेवरचा जवान आठवतो, नाहीतर सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन. १९९४ साली संयुक्त राष्ट्रांच्या मानव विकास अहवालानं हा अर्थ बदलला. त्यामागे होते पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ महबूब उल हक. देश सुरक्षित असेल, पण त्यातला माणूस सुरक्षित आहे का, असा त्या अहवालाचा प्रश्न होता. त्यानं माणसाच्या सुरक्षेची सात अंगं सांगितली : रोजगार, अन्न, आरोग्य, पर्यावरण, जिवाची सुरक्षा, समाजाची सुरक्षा आणि राजकीय हक्क. पुढे २००३ साली सादाको ओगाता आणि अमर्त्य सेन यांच्या आयोगानं हीच मांडणी पुढे नेली. मला विचाराल तर आपल्या जुन्या पत्रांत हे सगळं होतंच. कुणी 'येथील सर्व क्षेम' असं लिहायचं, कुणी 'खैरियत' विचारायचं. ती खुशाली मोजायचं शास्त्र म्हणजे मानवी सुरक्षा.

मग यात राजवटीचा संबंध कुठे येतो? सेन यांनी दाखवून दिलं की जिथे निवडणुका होतात आणि वर्तमानपत्रं मोकळी असतात, तिथे मोठा दुष्काळबळी पडत नाही. चीनमध्ये १९५८ नंतरच्या तीन-चार वर्षांत कोट्यवधी माणसं उपासमारीनं गेली, पण तशी बातमी छापायची सोय नव्हती. आपल्याकडे १९७२चा दुष्काळ भयंकर होता. पण मोर्चे निघाले, विधानसभा गाजली, वर्तमानपत्रांनी लिहिलं. गावोगाव दुष्काळी कामं निघाली आणि १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. भुकेल्याचा आवाज सरकारपर्यंत पोचतो की नाही, यावर त्याचं पोट अवलंबून असतं.

हा आवाज बंद झाला की काय होतं, ते मुंबईनं पाहिलं आहे. ट्रॉम्ब्याला अणुसंशोधन केंद्राशेजारी जनता कॉलनी नावाची वस्ती होती. सुमारे ७० हजार लोक तिथे राहत. केंद्राला ती जागा हवी होती. जोकिन अर्पुथम नावाच्या तरुणाच्या पुढाकारानं रहिवासी अनेक वर्षं लढले. मग १९७५च्या जूनमध्ये आणीबाणी आली. १७ मे १९७६ रोजी प्रचंड पोलीस बंदोबस्तात वस्ती उठवली गेली आणि माणसं चीता कॅम्पच्या दलदलीच्या जागेवर नेऊन वसवली गेली.

त्या तारखेच्या १९ दिवस आधी, २८ एप्रिलला, सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला होता. आणीबाणीत बेकायदा अटकेविरुद्धही न्यायालयात दाद मागता येणार नाही, असं त्यात ठरलं. न्या. एच. आर. खन्ना एकटे विरोधात होते. बहुमतात न्या. य. वि. चंद्रचूड होते. याच चंद्रचूडांनी सरन्यायाधीश म्हणून १९८५ साली, ओल्गा टेलिस खटल्यात, जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्कही येतो, असं लिहिलं. पुढे २०१७ साली त्यांचे चिरंजीव न्या. धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलेल्या निकालपत्रात १९७६चा तो निकाल चुकीचा ठरवला गेला.

इथे कुणी म्हणेल, झोपड्या तर लोकशाहीतही पाडल्या जातात. खरं आहे. १९८५च्या निकालानंही फुटपाथवरची घरं वाचवली नाहीत, हटवण्याची कारवाई पावसाळा संपेपर्यंत लांबवली, इतकंच. पण ज्यांची नोंद १९७६च्या गणनेत झाली होती, त्यांना मालवणीला पर्यायी जागा द्यावी, असं न्यायालय म्हणालं. ती गणना आणीबाणीतलीच, सरकारनं स्वतःच्या सोयीसाठी केलेली. नऊ वर्षांनी तोच कागद गरिबाच्या कामी आला, कारण तोपर्यंत न्यायालयाचं दार पुन्हा उघडं झालं होतं. दोन काळांतला फरक तो हाच.

मग अभ्यासवृत्ती घेतलेल्या मुलीनं काय करायचं? चीता कॅम्पमध्ये जायचं आणि ती सात अंगं सात प्रश्न करून विचारायची. घर हललं तेव्हा कामाचं काय झालं? रेशन कुठे मिळू लागलं? पाणी किती लांब होतं? शेजार टिकला की विखुरला? तक्रार कुणाकडे केलीत आणि पुढे काय झालं? त्या वेळची वर्तमानपत्रंही तिनं चाळायची. बातम्यांवर सेन्सॉर होता, तेव्हा काय छापलं नाही, हाही पुरावाच. आणि सांगणाऱ्याचं नाव त्याच्या परवानगीशिवाय छापायचं नाही. मानवी सुरक्षेचा अभ्यास करताना त्याचीच सुरक्षा धोक्यात आली, तर त्या अभ्यासाला काय अर्थ?

हे काम पदवीधरांनीच करावं असंही नाही. अर्जुन अप्पादुराई यांनी मुंबईत स्थापलेल्या 'पुकार' संस्थेनं वस्त्यांतल्या तरुणांनाच अभ्यासवृत्ती देऊन आपापल्या परिसराचा शोध घ्यायला लावलं. संशोधन हा प्रत्येकाचा हक्क आहे, हा अप्पादुराईंचा आग्रह.

१९७६ साली जो विशीत होता, तो आज सत्तरीच्या घरात आहे. तेव्हा ज्यांच्या अंगावर संसाराची जबाबदारी होती, त्यांतले बरेच आता नाहीत. सरकारी कागद दप्तरात राहतील, पण या माणसांची आठवण त्यांच्याबरोबर जाईल. अभ्यासवृत्तीचे पैसे असतात ते ती वेळेत लिहून घेण्यासाठी. म्हणून पुढच्या वेळी शेजारच्या मुलीचा पेढा घेताना तिला विषय जरूर विचारा. आणि त्या काळातलं कुणी तुमच्या ओळखीचं असेल, तर त्याचा पत्ताही द्या, अर्थात त्याला विचारून.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)