मृत्तिकेतील जीवाणुभक्षी विषाणूची परीक्षा

माती हे असंख्य जीवाणूंचे निवासस्थान आहे आणि जेथे जीवाणू असतात तेथे त्यांना मारणारे विषाणूही असतात. या विषाणूंना ‘बॅक्टेरिओफाज’, संक्षेपाने ‘फाज’, असे म्हणतात. हे नाव फेलिक्स द’हेरेल यांनी १९१७ साली रूढ केले. प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जंतूंमुळे वैद्यकाचे लक्ष फाजकडे पुन्हा वळले आहे. परंतु फाज सापडणे आणि तो रुग्णाला देण्यायोग्य ठरणे यांत मोठे अंतर असते. ते अंतर कसे पार केले जाते, हे प्रस्तुत लेखात एका उदाहरणाद्वारे पाहू.

पृथक्करण

२०१० साली दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथे एका विद्यार्थिनीने कुजलेल्या वांग्यातून एक फाज वेगळा केला. त्याचे नाव ‘मडी’. अशा कामाची पद्धत सर्वत्र जवळपास सारखीच असते. माती अथवा कुजके द्रव्य द्रवात घुसळून ते ०.२२ मायक्रॉन छिद्रांच्या गाळणीतून गाळतात. जीवाणू वर राहतात, विषाणू खाली उतरतात. हा गाळ क्षयजंतूच्या कुळातील, जलद वाढणाऱ्या ‘मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिस’ या जीवाणूत मिसळून अगारवर पसरतात. एकदोन दिवसांत जीवाणूंचा दाट थर तयार होतो. जेथे फाजने जीवाणू मारले असतील तेथे थरात वर्तुळाकार ठिपके दिसतात. त्यांतील एकच ठिपका उचलून पुन्हा पुन्हा वाढविला, की शुद्ध वाण हाती येतो.

स्वभावपरीक्षा

ठिपका स्वच्छ असेल तर फाज बहुधा मारक प्रकृतीचा असतो. ठिपका धूसर असेल तर तो जीवाणूला न मारता त्याच्या जनुकसंचात दडून राहणारा असू शकतो. हा भेद चिकित्सेत निर्णायक आहे. घटसर्प व पटकी यांच्या जंतूंना विष निर्माण करण्याची शक्ती अशा दडणाऱ्या फाजांकडूनच लाभलेली आहे. म्हणून पुढे फाजच्या संपूर्ण जनुकसंचाचे वाचन करून त्यात दडण्याची, विषाची किंवा प्रतिजैविकरोधाची जनुके नाहीत ना, हे तपासतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली डोके व शेपूट यांची ठेवण पाहतात. मात्र केवळ शेपटीच्या आकारावर बेतलेली जुनी कुले २०२२ मध्ये रद्द झाली असून आता वर्गीकरणाचा मुख्य आधार जनुकसंच हाच आहे. याशिवाय एका जीवाणूतून किती नवे कण किती वेळाने बाहेर पडतात, उष्णता व आम्लता किती सोसते आणि कोणकोणत्या जंतूंना तो मारतो, याचीही नोंद होते.

उपयोग आणि मर्यादा

२०१८ मध्ये लंडन येथे सिस्टिक फायब्रोसिस असलेल्या व फुप्फुसरोपण झालेल्या १५ वर्षांच्या मुलीच्या शरीरात ‘मायकोबॅक्टेरियम अॅब्सेसस’चा संसर्ग पसरला होता. प्रतिजैविके निष्फळ ठरली होती. तिच्या जंतूवर परीक्षून निवडलेले मडी व अन्य दोन असे तीन फाज शिरेवाटे दर १२ तासांनी देण्यात आले. त्या दोन फाजांतील दडून राहण्यास कारणीभूत जनुक आधी काढून टाकले होते. जखम भरून आली, त्वचेवरील गाठी ओसरत गेल्या, यकृताचे कार्यही सुधारले. त्याच सुमारास त्याच जातीच्या जंतूने ग्रासलेल्या दुसऱ्या रुग्णासाठीही शोध चालू होता. परंतु उपयुक्त फाज हाती येण्यापूर्वीच तो दगावला. जात एक, तरी दोन रुग्णांच्या जंतूंसाठी फाज वेगळा शोधावा लागतो, हे यावरून ध्यानी येते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार मायकोबॅक्टेरियाच्या संसर्गाच्या २० रुग्णांपैकी ११ जणांना या उपचाराचा लाभ झाला. काहींच्या रक्तात फाजला निष्प्रभ करणारी प्रतिद्रव्येही निर्माण झाली.

तात्पर्य

नाम, रूप व गुण जाणल्याशिवाय द्रव्य योजू नये, हे आपणां वैद्यांना नव्याने सांगावयास नको. जीर्ण संसर्गाचा रुग्ण फाजविषयी विचारू लागल्यास त्याला खोटी आशा दाखवू नये आणि हा मार्ग हसण्यावारीही नेऊ नये. त्याच्या शरीरातील जंतू वेगळा करून ओळखला आहे काय, त्याच जंतूवर हा फाज पारखला आहे काय आणि फाजचा जनुकसंच वाचला आहे काय, हे तीन प्रश्न उपचार करणाऱ्यांना विचारण्यास त्याला सांगावे. तिन्हींची उत्तरे होकारार्थी येईपर्यंत त्या कुपीतील द्रव्यास औषध म्हणता येणार नाही.