चोर, शिपाई आणि दुसरा शनिवार

आपल्यापैकी कितीतरी जणांच्या आई-वडिलांची पुंजी सहकारी बँकेत असते. इथून आपण पाठवतो ते पैसेही बहुधा तिथेच जातात. म्हणून आजचा विषय.

११ ऑगस्ट २०१८. महिन्याचा दुसरा शनिवार, म्हणजे बँका बंद. एटीएम 'पैसे देऊ का?' असे ज्या यंत्रणेला विचारते, तिच्याऐवजी पुण्याच्या कॉसमॉस बँकेत चोरांचीच खोटी यंत्रणा 'द्या' म्हणू लागली. नकली कार्डांवर २८ देशांतून सुमारे ७८ कोटी रुपये गेले, भारतात आणखी अडीच कोटी. सोमवारी स्विफ्टमार्फत १३.९२ कोटी हाँगकाँगला. खातेदारांची खाती वाचली, झळ बँकेला बसली. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले.

पहारा कधी आणि कुठे ढिला, हे चोर आधी बघून ठेवतो. हाच गेम थिअरीचा मुद्दा. जर्मन अर्थतज्ज्ञ हाइनरिश फॉन श्टाकेलबर्ग यांनी १९३४ मध्ये असा खेळ मांडला की एक जण आधी चाल करतो आणि दुसरा ती पाहून आपली. त्यांच्यासमोर बाजारातल्या कंपन्या होत्या. पुढे तोच हिशेब पहारेकऱ्यांना लागू झाला.

समजा दोन खोल्या आहेत. एकीत ३ लाखांचे दागिने, दुसरीत १ लाखाचे सामान, आणि वॉचमन एकच. तो रोज दागिन्यांपाशी बसला तर चोर निवांत दुसऱ्या खोलीतले १ लाख नेईल. पण चार रात्रींपैकी सरासरी तीन इथे, एक तिथे, आणि कोणती रात्र कुठे ते चिठ्ठी टाकून ठरवले, तर चोर कुठेही गेला तरी त्याची सरासरी कमाई ७५ हजारच! (मुलांना करायला सांगा, गणित सोपे आहे.)

मिलिंद तांबे यांच्या गटाने २००७ मध्ये लॉस एंजेलिस विमानतळावरची तपासणी नाकी याच पद्धतीने नेमून दिली. संगणकाच्या जाळ्यात खोल्या हजारो, आणि एकीतून दुसरीत जायच्या वाटा त्याहून जास्त. चोर कुठून कुठे उडी मारील याचा नकाशा काढणारी एक्सएम सायबर ही इस्रायली कंपनी २०२१ मध्ये आपल्या नेकारसुल्मच्याच श्वार्त्स समूहाने विकत घेतली. लिडल आणि काउफलांड ज्यांचे, तेच हे.

मला एक शंका मात्र राहतेच. या गणितात दारे किती ते आधी ठाऊक असावे लागते. पुण्यात चोरांनी दार स्वतःच बांधले होते.